चुकलेल्या सिद्धांतांना पुस्तकात जागा द्या : विज्ञान अभ्यास मंडळास खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य,
शालेय विज्ञान पाठ्यपुस्तकांचे अभ्यास मंडळ

विषय : मागे पडलेल्या वैज्ञानिक सिद्धांतांचा माध्यमिक इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत समावेश करण्याबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षे विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले आहे. पाठ्यपुस्तकांच्या पुढच्या आवृत्तीचा विचार आपण कराल, तेव्हा माझे एक मागणे आपल्यासमोर असावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. आणि ते केवळ आपल्या टपालात न राहता पालकांनी व शिक्षकांनीही वाचावे, म्हणून ते खुले ठेवले आहे.

आठवीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रयोग करून दाखवत असे. परातीत रंगीत पाणी, त्यात मधोमध उभी केलेली मेणबत्ती आणि पेटत्या मेणबत्तीवर उपडा घातलेला काचेचा ग्लास. ज्योत मंदावते, विझते आणि परातीतले पाणी ग्लासात चढते. त्यानंतर पुस्तकातले स्पष्टीकरण फळ्यावर येई : ज्योतीने ग्लासातला ऑक्सिजन संपवला, हवेत ऑक्सिजन सुमारे एक पंचमांश असतो, म्हणून रिकामी झालेली तेवढीच जागा पाण्याने घेतली. हे मी कितीतरी वर्षे पूर्ण विश्वासाने लिहून दिले. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने घरी हाच प्रयोग एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून केला आणि दुसऱ्या दिवशी तो ग्लासच दप्तरातून शाळेत आणला. त्यावर तिने पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या. तीन मेणबत्त्यांची रेघ एका मेणबत्तीच्या रेघेपेक्षा चांगलीच वर होती. “बाई, ग्लास तोच आहे, मग त्यातला ऑक्सिजन वाढला कसा?” असे तिने विचारले. मोजण्यात काही चूक झाली असेल, असे सांगून मी तिला खाली बसवले.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर तोच प्रयोग सात-आठ वेळा केला. इतकी वर्षे डोळ्यांसमोर घडत असूनही न पाहिलेल्या दोन गोष्टी मला तेव्हा दिसल्या. ग्लास घालताना त्याच्या काठाखालून हवेचे बुडबुडे बाहेर पडत होते. आणि ज्योत जळत असताना पाणी जवळजवळ हलत नव्हते, ते चढत होते ज्योत विझल्यानंतर, एकदम. म्हणजे ज्योतीच्या उष्णतेने हवा प्रसरण पावून काही बाहेर निघून जाते आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते, तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. मेणबत्त्या जास्त, तर उष्णता जास्त आणि बाहेर गेलेली हवाही जास्त. शिवाय ज्योत सगळा ऑक्सिजन संपवतच नाही. त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांपर्यंत उतरले की ती तग धरत नाही. आणि जो ऑक्सिजन वापरला जातो, त्याच्या मोबदल्यात बराचसा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तोही जागा व्यापतोच. एक पंचमांश हा आकडा पाण्याच्या चढण्याशी जुळला, तर तो योगायोगाने जुळतो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गापुढे त्या मुलीची क्षमा मागितली आणि तिच्या दोन रेघा फळ्यावर काढल्या. एरवी उत्तरे उतरवून घेणारा तो वर्ग त्या तासाला पुस्तकातली इतर विधाने कशावरून खरी मानायची, हे विचारू लागला. माझ्या साऱ्या नोकरीतला तो सर्वांत चांगला तास होता, आणि तो घडला एका चुकीच्या सिद्धांतामुळे.

माझी विनंती याच अनुभवातून आलेली आहे. आठवी ते दहावीच्या पुस्तकांत मागे पडलेले निदान तीन सिद्धांत सविस्तर असावेत : ते कोणत्या निरीक्षणांवर उभे होते, शहाण्या माणसांना ते का पटले होते, कोणत्या मोजमापाने ते कोसळले आणि कोसळल्यानंतर त्यांतले काय उरले. आज ही जागा पुस्तकात अगदीच नाही, असे मी म्हणणार नाही. अणूच्या प्रतिकृतींचा पाठ आहे, डोबेरायनरची त्रिके आहेत, न्यूलँड्सची अष्टके आहेत. पण तेथे प्रत्येक सिद्धांताला एक परिच्छेद मिळतो आणि लगेच ‘त्रुटी’ या मथळ्याखाली एक-दोन ओळी येतात. मुले त्या त्रुटी पाठ करतात, परीक्षेत दोन गुण मिळवतात आणि मनाशी ठरवून टाकतात, की पूर्वीच्या लोकांना कळत नव्हते, आता आपल्याला कळते. यापेक्षा अवैज्ञानिक धडा दुसरा नसेल.

मेणबत्तीचाच धागा पुढे नेऊन फ्लॉजिस्टनचे उदाहरण घ्यावे. जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात एक ज्वलनशील तत्त्व असते आणि जळताना ते बाहेर पडते, असे जर्मन रसायनज्ञ गेओर्ग श्टाल यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी मांडले. बंद भांड्यात ज्योत विझते, कारण तेथील हवा या तत्त्वाने भरून जाते आणि आणखी घेऊ शकत नाही. कोळसा जवळजवळ सगळाच जळून जातो, म्हणून तो या तत्त्वाने समृद्ध. आणि धातूचे भस्म कोळशाबरोबर तापवले, की कोळशातील फ्लॉजिस्टन त्याला मिळून धातू परत येतो. लोखंड गाळणाऱ्या माणसाला हे स्वतःच्या भट्टीत रोज दिसत होते. एवढेच नव्हे, तर लोखंडाचे गंजणे, लाकडाचे जळणे आणि प्राण्यांचा श्वासोच्छ्वास ही एकाच जातीची क्रिया आहे, हे या सिद्धांताने ओळखले आणि ते आजही खरे आहे. फक्त दिशा उलटी होती. बाहेर काही जात नव्हते, आत येत होते.

धातू भस्म होताना जड होतो, ही गोष्ट १६३० सालीच झां रे या फ्रेंच वैद्याने नोंदवली होती. काही निघून गेल्यावर वजन वाढावे कसे, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे तसाच पडून राहिला, कारण रसायनशास्त्रात वजनाला निर्णायक मानण्याची रीतच रुळलेली नव्हती. ती रीत फ्रेंच रसायनज्ञ लाव्हाझिए यांनी रुळवली. १ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्रज रसायनज्ञ जोसेफ प्रिस्टली यांनी मोठ्या भिंगाने सूर्यप्रकाश एकवटून पाऱ्याचे तांबडे भस्म तापवले आणि त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती प्रखरपणे जळताना पाहिली. आपल्या सिद्धांताला धरून त्यांनी त्याला ‘फ्लॉजिस्टनविरहित हवा’ म्हटले. त्याच वर्षी पॅरिसच्या भेटीत त्यांनी हे लाव्हाझिए यांच्या कानावर घातले आणि लाव्हाझिए यांनी तराजूच्या आधाराने त्याच वायूचा, म्हणजे ऑक्सिजनचा, अर्थ नव्याने लावला. ऑक्सिजन आधी हातात आलेले प्रिस्टली मात्र १८०४ मध्ये मृत्यू येईपर्यंत फ्लॉजिस्टनच्या बाजूने लढत राहिले. ते मूर्ख नव्हते. त्यांच्या काळातील अव्वल प्रयोगकर्त्यांपैकी ते एक होते. हे मुलांना कळले पाहिजे.

आणि दुसरी बाजूही कळली पाहिजे. ज्या लाव्हाझिए यांनी फ्लॉजिस्टन हटवले, त्यांनीच १७८९ च्या आपल्या ग्रंथात मूलद्रव्यांच्या यादीत ‘कॅलरिक’ म्हणजे उष्णतेचा द्रव बसवला. तो हटवायला पुढे रमफर्ड यांचे तोफा कोरण्याचे प्रयोग आणि जूल यांची मोजमापे लागली. सर्व आम्लांत ऑक्सिजन असतोच, असेही लाव्हाझिए मानत होते. त्यावरूनच त्यांनी ‘आम्ल उत्पन्न करणारा’ अशा अर्थाचे ‘ऑक्सिजन’ हे नाव दिले. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन मुळीच नसतो, हे हम्फ्री डेव्ही यांनी दाखवले, तोवर नाव रूढ झाले होते. आपला ‘प्राणवायू’ हा शब्द या चुकीपासून मुक्त आहे, हे मी वर्गात आवर्जून सांगत असे.

आता ज्या उदाहरणासाठी मी हे पत्र मुख्यतः लिहीत आहे, त्याकडे येते. ते आपल्याच मातीतले आहे आणि त्याची किंमत आपल्याच माणसांनी मोजली आहे.

माझी आजी लहानपणच्या प्लेगच्या आठवणी सांगायची. ‘उंदीर पडायला लागले’ एवढे तीनच शब्द ती उच्चारायची आणि पुढे, गाव कसे रानात झोपड्या घालून राहायला गेले, ते सांगायची. गाठीचा ताप आणि उंदीर यांचा काहीतरी संबंध आहे, हे खेड्यांतल्या लोकांना ठाऊक होते. गढवालच्या डोंगरांतही उंदीर मरू लागले की लोक गाव सोडत असत. वैद्यकशास्त्राला मात्र हा संबंध सिद्ध करायला एक दशक लागले, आणि त्या दशकाची गोष्ट कोणत्याही काल्पनिक उदाहरणापेक्षा अधिक शिकवणारी आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात, धान्याच्या गोदामांच्या वस्तीत, गोव्यात जन्मलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. प्लेगचा जंतू त्याआधी दोन वर्षे, १८९४ मध्ये, अलेक्सांद्र येर्सिन यांनी हाँगकाँगला शोधलेला होता. म्हणजे रोगाचे कारण हाती होते. पण तो जंतू माणसाच्या शरीरात शिरतो कसा, या प्रश्नाला उत्तर जुनेच दिले गेले : घाण, ओल, कोंदट खोल्या आणि त्यांतून उठणारी दूषित हवा. रोग सडक्या वासातून, विषारी वाफांतून पसरतात, हा समज युरोपात शतकानुशतके रूढ होता. ‘मलेरिया’ या नावाचा मूळ अर्थच ‘वाईट हवा’ असा आहे. प्लेगच्या वेळी जंतू नवा आला, पण त्याला राहायला घर जुनेच मिळाले.

त्या समजाला धरून जे जे करायचे, ते सर्व निष्ठेने केले गेले. गटारे आणि घरे कार्बोलिक आम्लाने धुतली, भिंतींना चुना फासला, ऊन-वारा आत यावा म्हणून छपरांची कौले काढली, जमिनी उकरल्या, कपडे आणि अंथरुणे जाळली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात घरोघर शिरून तपासणी करणाऱ्या सैनिकांमुळे लोकांत जो संताप उसळला, त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील गोळीबारात झाला, हे इतिहासाच्या पुस्तकात प्रत्येक विद्यार्थी वाचतो. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या, हेही तो वाचतो. पण त्या दिवसांत कोणता वैज्ञानिक समज बळकट होता आणि तो चुकीचा होता, हे त्याला इतिहासाचे पुस्तक सांगत नाही आणि विज्ञानाचेही सांगत नाही. त्या साऱ्या धावपळीत, धुण्याजाळण्यात, उंदराच्या अंगावरची पिसू कोणाच्या हिशेबातच नव्हती.

ती हिशेबात आणली पॉल-लुई सिमाँ यांनी. पाश्चर संस्थेने पाठवलेले हे फ्रेंच डॉक्टर मुंबईत आणि कराचीत रुग्ण पाहत होते. काही रुग्णांच्या अंगावर, बहुधा पायांवर, एक बारीक फोड त्यांना दिसे आणि त्यात प्लेगचे जंतू सापडत. तो फोड कीटकाच्या चाव्यासारखा होता. जून १८९८ मध्ये कराचीत त्यांनी एका मोठ्या काचेच्या बरणीत प्लेगने आजारी, पिसवांनी भरलेला उंदीर ठेवला आणि त्याच बरणीत वर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होऊ शकत नव्हता. आजारी उंदीर मेला, गार पडला आणि पिसवांनी त्याचे अंग सोडले. काही दिवसांनी वरचा उंदीरही प्लेगने मेला. पिसवा नसलेला आजारी उंदीर ठेवून हाच प्रयोग केला, तेव्हा शेजारच्या उंदराला काही झाले नाही. या प्रयोगाची आकृती नववीच्या मुलाला फळ्यावर काढून दाखवा. सिद्धांत, प्रयोग आणि तुलनेसाठी केलेला दुसरा प्रयोग यांचा अर्थ त्याला पाच मिनिटांत कळेल. ‘वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या लिहा’ या प्रश्नाने तो वर्षभरातही कळत नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. ती संपली नाही. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने सिमाँ यांचा निष्कर्ष स्वीकारला नाही. पुरावा अपुरा वाटला, प्रयोग इतरांना लगेच तसाच करता आला नाही, आणि घाणीचा सिद्धांत इतक्या कचेऱ्यांत, इतक्या नियमांत आणि इतक्या खर्चात मुरलेला होता, की तो सोडणे म्हणजे केवळ मत बदलणे नव्हते. त्या लोकांना दुष्ट ठरवणे मला पटत नाही. त्यांच्या शंकांपैकी काही रास्त होत्या. पण शंकेचे उत्तर शोधायला लागलेली वर्षे पाहिली की मन सुन्न होते. १९०७ या एका वर्षात देशात दहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने मेली.

शंकेचे उत्तर पुन्हा मुंबईतच मिळाले. एप्रिल १९०३ मध्ये येथील एका चाळीत उंदीर मरू लागले आणि त्यापाठोपाठ पिसवांचा इतका त्रास सुरू झाला, की भाडेकरू खोल्या सोडून व्हरांड्यात झोपू लागले. डॉ. विल्यम ग्लेन लिस्टन यांनी तेथे माणसांवर सापडलेल्या ३० पिसवा तपासल्या. त्यांतल्या १४ उंदरांवरच्या जातीच्या होत्या. एरवी माणसाकडे न वळणारी पिसू तिचा उंदीर मेल्यावर माणसाकडे वळते, हे त्यांना एका साध्या चाळीत, पिसवा मोजून कळले. १९०५ पासून नव्या आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत पद्धतशीर काम सुरू केले. हीच ती प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा, जिला १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणतात. तेथे मुद्दाम बांधलेल्या छोट्या खोल्यांत, प्लेगच्या पिसवा असलेल्या जमिनीवर, गिनीपिगचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगले गेले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या प्राण्यांना लागण झाली. दोन फुटांवरच्यांना झाली नाही. हवा तर दोन इंचांवर आणि दोन फुटांवर तीच होती. पिसूची उडी मात्र दोन फुटांपर्यंत पोहोचत नाही. दूषित हवेचा शतकानुशतके चालत आलेला सिद्धांत प्लेगपुरता या दोन आकड्यांमध्ये संपला, आणि तो परळला संपला. महाराष्ट्रातील एकाही मुलाला हे शाळेत शिकवले जात नसेल, तर ती उणीव आपण भरून काढावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

या सिद्धांताचा उरलेला भागही त्या पाठात यावा. मुंबई इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट १८९८ मध्ये स्थापन झाला तो प्लेगमुळे. दाट वस्तीत समुद्राचा वारा खेळावा या हेतूने त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती वसवल्या. आज तेथून शाळेत जाणारी मुले एका चुकीच्या सिद्धांताने आखलेल्या रस्त्यावरून चालतात. या कामाने शहराचे भले झाले, तसे नुकसानही झाले; पाडलेल्या खोल्यांच्या मानाने गरिबांसाठी बांधलेल्या खोल्या बराच काळ कमीच होत्या. लंडनमध्येही १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी असह्य झाली, तेव्हा त्या वासाच्या भीतीने भुयारी गटारांची योजना मार्गी लागली आणि त्या गटारांनी पाणी शुद्ध राहून पटकी ओसरली. कारण चुकीचे आणि काम बरोबर, असेही घडते. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, तेव्हा पिसूचे रहस्य उलगडलेले नव्हते. रोग कसा पसरतो याबद्दल मतभेद चालू असतानाही लस तयार होत होती आणि दिली जात होती.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी हलका मानत नाही. मुलांच्या हातात आज मोबाइल आहे. विज्ञानाने काल सांगितलेले आज खोटे ठरते, मग लसीवर किंवा औषधावर तरी विश्वास का ठेवायचा, असा संदेश त्यांच्यापर्यंत रोज पोहोचतो. अशा वेळी पाठ्यपुस्तकानेच विज्ञानाच्या चुका सांगाव्यात का, असे कोणी विचारेल. माझ्या मते नेमके म्हणूनच सांगाव्यात. त्या संदेशांना बळ मिळते ते मुलांना चुकांची फक्त कुजबुज ऐकू येते, चूक कशी सापडली हे कोणी सांगत नाही, म्हणून. सिमाँ यांचा सिद्धांत कोणाच्या मोठ्या आवाजाने जिंकला नाही. पिंजऱ्यांच्या उंचीने जिंकला. ज्याने हे एकदा समजून घेतले आहे, तो व्हॉट्सअॅपवर आलेल्या दाव्यालाही विचारेल, की तुमचा दोन फुटांवरचा पिंजरा कोठे आहे.

शिवाय सगळे सिद्धांत एकाच तऱ्हेने चुकत नाहीत, हा विवेकही याच पाठांतून शिकवता येतो. फ्लॉजिस्टन पार नाहीसे झाले. न्यूटनचे गुरुत्वाकर्षण तसे झाले नाही. युरेनसच्या कक्षेतील तफावतीवरून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिए यांनी नेपच्यूनची जागा गणिताने सांगितली आणि १८४६ मध्ये तो तेथे सापडला. त्याच लव्हेरिए यांनी बुधाच्या कक्षेतील तफावतीवरून सूर्याजवळ व्हल्कन नावाचा ग्रह असला पाहिजे असे मांडले, आणि तो कधीच सापडला नाही, कारण तो नव्हताच. बुधाची शतकाला ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) एवढी ती तफावत १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या सिद्धांताने सुटली. तरीही यान पाठवताना आजसुद्धा बहुतेक गणित न्यूटनचेच वापरतात. एकच माणूस, एकच पद्धत, एकदा ग्रह सापडतो आणि एकदा सापडत नाही. हे वाचलेला मुलगा ‘विज्ञान चुकते’ आणि ‘विज्ञान खोटे आहे’ या दोन वाक्यांत गल्लत करणार नाही.

तिसरे उदाहरण मी आपल्या जवळच्या काळातले सुचवीन. विश्व सदैव सारखेच होते आणि सारखेच राहील, ते प्रसरण पावत असताना नवे द्रव्य अत्यंत मंद गतीने निर्माण होत राहते, असा स्थिर स्थितीचा सिद्धांत १९४८ मध्ये फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी मांडला. १९६५ मध्ये आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरी प्रारणाचा शोध जाहीर झाला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. हॉईल यांचे शिष्य आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी मात्र पर्यायी मांडणीचा विचार सोडला नाही; १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी ती सुधारित स्वरूपात पुन्हा मांडली. तीही बहुमताने स्वीकारली गेली नाही. मराठी वाचकांना नारळीकर सरांबद्दल जो आदर आहे, तो माझ्याही मनात आहे, आणि त्या आदराने मी म्हणते, की ते बहुमताच्या विरुद्ध बाजूला उभे होते ही गोष्ट मुलांपासून लपवण्यासारखी नाही. बहुमताला प्रश्न विचारत राहणारा शास्त्रज्ञ आपल्यात होता आणि तो आपले म्हणणे गणिताने व निरीक्षणाने मांडत होता, हे त्यांनी जरूर वाचावे. हॉईल यांना मूलद्रव्यांची निर्मिती महास्फोटाविना समजावून द्यायची होती, म्हणून त्यांनी ती ताऱ्यांच्या पोटात शोधली. आपल्या शरीरातला कार्बन ताऱ्यांमध्ये घडला, ही आज सर्वमान्य असलेली समजूत त्याच शोधातून पुढे आली.

हे सगळे पुस्तकात बसणार कसे, ही आपली अडचण मी जाणते. पाने मोजकी असतात, तासिका त्याहून मोजक्या. म्हणून नवे पाठ वाढवण्यापेक्षा आहेत त्या पाठांतच जागा करावी. ज्वलनाच्या पाठात फ्लॉजिस्टन, रोगांच्या पाठात मुंबईचा प्लेग आणि विश्वाच्या पाठात स्थिर स्थिती, प्रत्येकी दोन पाने. स्वाध्यायात ‘त्रुटी लिहा’ हा प्रश्न ठेवू नये. ‘१८९८ सालच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या जागी तुम्ही असता, तर सिमाँ यांच्या प्रयोगावर कोणत्या शंका घेतल्या असत्या आणि त्या कशा तपासल्या असत्या?’ असा प्रश्न ठेवावा आणि त्याला निदान पाच गुण द्यावेत, कारण ज्याला गुण नाहीत ते आपल्या शाळांत शिकवले जात नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना एकच नमुना उत्तर देऊ नये. हे काम कठीण आहे, प्रशिक्षणाशिवाय होणार नाही; त्यासाठी माझ्यासारखे निवृत्त शिक्षक विनामोबदला यायला तयार होतील, अशी माझी खात्री आहे. मी स्वतः येईन.

या सगळ्याला नव्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले, तरी एक दुरुस्ती मात्र त्याआधी करता येईल. ज्या ज्या पुस्तकांत आणि शिक्षक-हस्तपुस्तिकांत मेणबत्तीच्या प्रयोगाखाली ‘ऑक्सिजन संपला तेवढे पाणी चढले’ अशा अर्थाचे वाक्य असेल, तेथून ते पुढच्या पुनर्मुद्रणातच काढावे. त्याजागी निष्कर्ष न देता एवढेच छापावे : एक, दोन आणि तीन मेणबत्त्या लावून प्रयोग करा. दर वेळी ग्लासावर पाण्याची रेघ ओढा. पाणी ज्योत जळत असताना चढते की विझल्यानंतर, ते पाहा. ग्लासाच्या काठाकडे लक्ष ठेवा. काय दिसले ते लिहा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका